मशीनचं माप

मास्तरांनी उभ्या हयातीत कापड वाया घालवलं नव्हतं, आणि आता निवृत्त झाल्यावर वीजही वाया घालवायची नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते ते. आधी माप, मग कात्री, हा त्यांचा धर्म. पुतण्याकडून केबिनची जुनी बोट घेतली, वर्षातले निम्मे महिने मास्तर आणि बाई, दोघा नवराबायकोनं नदीवर काढायचे असा बेत केला, तेव्हा सोलरचं सामान घ्यायलाही ते इतरांसारखे अंदाजपंचे निघाले नाहीत. प्लगला लावायचा, वीज मोजणारा छोटा मीटर आणला, आणि बोटीवर न्यायची एकेक वस्तू आठवडा-आठवडा त्यावर चालवून पाहिली. फ्रिज झाला, पंखा झाला, बाईंचं श्वासाचं मशीनही झालं.

या मशीनचं सांगायलाच हवं. झोपेत बाईंचा श्वास मध्येच अडकायचा. हृदय आधीच थकलेलं. रोज रात्रभर मास्क लावूनच झोपायचं, नाहीतर एखाद्या रात्री अडकलेला श्वास परत यायचा नाही, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं. मास्तरांनी लगेच मशीन आणलं. सुरुवातीला त्याच्या घरघरीवर कुरकुरले, जन्मभर कारखान्यात मशीनंच ऐकली, आता उशाशीही मशीन, म्हणाले. पण पुढे सवय झाली. आता तर तो आवाज मला ऐकूही येत नाही, असं आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे.

सोलरच्या दुकानात काउंटरमागे एक चुणचुणीत पोरगी होती. बोटवाला येवो की गाडीतच बिऱ्हाड करणारा कॅम्परवाला, ती पहिला प्रश्न एकच विचारायची, ऊन गेल्यावर काय काय चालणार? मास्तरांनी सगळे आकडे घडाघडा म्हणून दाखवले, आणि शिशाची लहान बॅटरी अन् साधा कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला बेतानं पाजणारा डबा, यांवर बोट ठेवलं. अंगापेक्षा बोंगा मोठा कशाला, असंही वर ऐकवलं.

पोरगी एका आकड्याशी अडली. मशीनचा आकडा तिनं पुन्हा विचारला.

"काका, हे एका रात्रीचं म्हटलं तरी कमी आहे. आठवड्याचं कसं असेल?"

झालं! मास्तरांच्या मापाला कुणी चूक म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पिशवीतून मीटर काढून त्यांनी काउंटरवर आपटलाच. करा म्हणाले परीक्षा. तेवढ्यात बाई मात्र लाइफ जॅकेटं टांगली होती तिकडे सरकल्या. ते नारिंगी गाठोडं मी मेले तरी घालणार नाही असं सकाळीच ठणकावणारी बाई, आता एक चढवून बंद आवळत बसली.

पोरीनं दुकानातला दिवा आधी मास्तरांच्या मीटरवर लावला, मग स्वतःच्या. आकडा तोच. मीटर अगदी खरा होता.

"बघ!" मास्तर जिंकल्यासारखे हसले. आणि ते हसू तोंडावर तसंच राहिलं. मीटर खरा, तर मग मशीन रात्रभर चाललंच नव्हतं.

"अगं," ते बाईंकडे वळले.

बाईंनी वर पाहिलं नाही. "तुम्हाला झोप लागली की बंद करते."

कधीपासून, हेही बाईंनीच सांगितलं. तुम्ही कुरकुरलात ना, त्या आठवड्यापासून. झोपमोड होते तुमची. पहाटे तुमच्याआधी उठून परत लावते. हे सगळं इतकं साधेपणानं, की जणू स्वयंपाकघरातला दिवा मालवल्याचं सांगत होत्या.

पोरीनं खुर्ची पुढे सरकवली. मास्तर बसले. ऐकू येत नाही, ऐकू येत नाही म्हणून गावभर सांगत फिरलो, अरे, ऐकू यायला होतं काय तिथे! दर रात्री शेजारी ही बाई मरणाशी खेळत होती आणि आपण घोरत होतो. किती रात्री झाल्या असतील? जन्मभर माप घेतलेल्या माणसाला तेवढं मोजायचा धीर होईना.

मग त्यांनी लिथियमच्या सगळ्यात मोठ्या बॅटरीकडे हात केला. कंट्रोलरही तो भारीतला, ढगाळ दिवसातूनही वीज पिळून काढणारा. पोरीनं विचारलं, फ्रिज, पंखा यांचं कसं करायचं? मशीनमधून उरलं तर बघू, म्हणाले, नाहीतर दोन्ही घरीच राहतील.

"अहो, केबिन ती केवढीशी," बाई हळूच म्हणाल्या. "आवाज अगदी कानाशी येईल तुमच्या."

"येऊ दे. थांबला की मला जाग आली पाहिजे."

बाई जॅकेटचे बंद सोडायला लागल्या, पण ते काही त्यांना सुटेनात. शेवटी मास्तर उठले आणि त्यांनी ते सोडून दिले.