हात कोणाचा

मास्तर चहाला खाली उतरले, तसा तिने स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला आणि त्यांच्या तयार मालाच्या ट्रेमधला सगळ्यात वरचा गेम उचलून ट्यूबलाइटखाली तिरका धरला. पडद्यावरची प्लास्टिकची काच मधोमध धुरकट झाली होती. डाव्या कोपऱ्यात केसासारखा बारीक ओरखडा होता तसाच होता. तिने जिन्याचा कानोसा घेतला, फडक्यावर थेंबभर पॉलिश ओतलं आणि भराभर घासायला लागली.

हातात धरून खेळायचे जुने व्हिडिओ गेम नव्यासारखे करून द्यायचे, हे त्या नवराबायकोचं काम. कुणी किल्ल्यांबरोबर खिशात कोंबलेले, कुणाच्या पोरांनी फरशीवर घसरवलेले गेम व्यापारी खोकी भरभरून पाठवायचा. ती ते उघडायची, आतली धूळ झटकायची, चिकट झालेली बटणं धुवायची. काच मात्र मास्तरांची. आधी वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग पेस्ट, शेवटी फडकं. जास्त घासलं की प्लास्टिक तापून धुकं धरतं, कमी घासलं की ओरखडा पुन्हा डोकं वर काढतो. मास्तरांच्या हातून गेलेल्या काचेत बघून भांग पाडावा, असं लोक म्हणायचे. बाजारात त्यांचं नावच पडलं होतं आरसेमास्तर.

अलीकडे मात्र ते काच नाकाजवळ नेऊन बघायला लागले होते. मग कोंबडीसारखी मान वाकडी करून. एकदा पाण्याचा पेला त्यांनी टेबलाच्या कडेबाहेर, चक्क हवेत ठेवला आणि फुटल्यावर टेबलालाच शिव्या घातल्या. तिने काचा गोळा केल्या. विचारलं काहीच नाही. विचारणार तरी कसं? दुसऱ्या कुणाच्या कामातली खोट लांबून दाखवणारा माणूस. घरात ‘डोळे’ हा शब्दच कुणी काढेनासं झालं होतं.

मग ते चहाला गेले की ती उठायची. सुरुवातीला एखाददुसरा गेम पुन्हा घासावा लागे, आता जवळजवळ सगळा ट्रे. तिचं स्वतःचं काम मागे पडत होतं ते वेगळंच. उजवा खांदा इतका भरून यायचा, की केस विंचरायला हात वर जात नव्हता. मास्तरांचा चहा हल्ली लांबत चालला होता, तेवढंच काय ते तिच्या पथ्यावर पडलं होतं.

आज तो लांबला नाही. जिन्यावर दोघांची पावलं वाजली. तिचे जेमतेम दोन गेम घासून झाले होते. हातातला दुसरा तिने घाईघाईने ट्रेमध्ये पहिल्यावर टाकला.

“मास्तर खालीच भेटले,” व्यापारी धापा टाकत आत आला. “म्हटलं, आलोच आहे तर माल घेऊनच जातो.”

“संध्याकाळी पाठवते ना भाऊ. अजून पुसायचे राहिलेत.”

“संध्याकाळपर्यंत माझं गिऱ्हाईक थांबायचं नाही, वहिनी.”

त्याने ट्रे उचलून खिडकीशी नेला. पहिला गेम उजेडात फिरवून बघितला, खूश होऊन बाजूला ठेवला. दुसराही. तिसऱ्याला त्याचा हात थांबला. चौथ्याला कपाळावर आठी पडली. उरलेले त्याने एकामागोमाग एक नुसते वरवर चाळले.

“मास्तर, हे काय? काचेवर वाफ धरल्यासारखं दिसतंय. हा हात कोणाचा?”

मास्तर दाराशीच उभे होते. हात कोरडे होते, तरी ते पुसत राहिले.

“माझा,” ती म्हणाली. “काम साठलं होतं, म्हणून मी बसले घासायला.”

“तरीच!” व्यापारी मोकळेपणाने हसला. “रागावू नका वहिनी, पण तुम्ही बटणंच बघा. हा बघा मास्तरांचा हात,” त्याने पहिला गेम तिच्यापुढे धरला, “पाण्यासारखी काच आहे. असा पाहिजे.” मग आवाज थोडा उतरवून म्हणाला, “बाकीचे मास्तरांकडूनच पुन्हा करून घ्या. परत असं झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल.”

चांगले होते तेवढे पिशवीत घालून तो गेला. मास्तर आपल्या खुर्चीत येऊन बसले. ती पुन्हा एका गेमचे स्क्रू काढायला लागली. खालच्या दुकानात कुणीतरी शटर वर ढकलत होतं, ते मध्येच अडकत होतं.

“कशाला घेतलंस अंगावर?”

“मग काय सांगायला हवं होतं?”

मास्तरांनी टेबलावरचं फडकं झटकलं, त्याची नीट घडी घातली, पुन्हा उलगडली.

“एवढा वेळ चहा चालतो का गं कुणाचा?” ते म्हणाले. “खाली बाकावर नुसता बसून असतो मी. म्हटलं, तेवढ्यात तुझं पुन्हा घासून उरकेल.”

तिच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला ती वाकली नाही. खूप राग यायला हवा होता, असं तिला वाटलं. पण रागवायलाही अंगात त्राण लागतं.

“माझा खांदा गेलाय,” एवढंच ती म्हणाली.

मास्तरांनी मान खाली घातली. मग ट्रेमधला एक गेम उचलून मांडीवर घेतला, वॉटर पेपर पाण्यात बुडवला आणि घासायला सुरुवात केली. हाताची लय तीच होती, लांब, सरळ, न चुकणारी. थोड्या वेळाने त्यांनी काच पुसली. नाकाजवळ नेली नाही. हात लांब करून तिच्यापुढे धरली.

“ओरखडा गेला का गं?”

‘हो’ तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने काच उजेडात धरली.

“नाही,” ती म्हणाली. “आहे अजून.”

“कुठे?”

तिने त्यांचं बोट धरलं आणि कोपऱ्यात टेकवलं. “इथे. बटणाच्या बाजूला चाललाय.”

“बरं.” त्यांनी पेपर पुन्हा भिजवला. “आणि बास झालं की सांग.”

ती स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली, दुखरा हात मांडीवर ठेवला आणि काचेकडे बघत राहिली.