नवसाचा माठ

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे. नाईल नदीच्या काठच्या गाळातून माझा जन्म झाला. सुदानमधल्या आमच्या गावात वीज येते ती पाहुण्यासारखी, चहा होण्याआधीच उठून जाते. म्हणून सित्तनाच्या घरात मला भारी मान. माझ्या पाण्यात घट्ट झाकणाची एक बरणी तरंगते. त्या बरणीत सित्तनाच्या लेकीचं, तमादुरचं इन्सुलिन असतं. या पोरीला लहानपणापासून मधुमेह आहे. मी अंगातून पाझरत राहतो, म्हणून तिचं औषध गार राहतं.

सित्तनाने नवस बोलला होता. लेकीची सुई सुटली, की मला वाटेवरच्या कडुनिंबाखाली ठेवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची तहान भागवायला. आमच्याकडे याहून मोठं पुण्य नाही.

एकदा रेडिओवर बातमी आली. दूरदेशी मधुमेहाच्या एका रुग्णाला इन्सुलिन बनवणाऱ्या नव्या पेशी दिल्या आणि त्याची सुई बंद झाली. सित्तना आनंदाने ओरडलीच.

"दादा, पाच वर्षांत सगळ्यांना मिळेल म्हणतात!"

तिचा भाऊ बाबिकर म्हणाला, "आपली आई याच दुखण्याने गेली, तेव्हाही औषध यायला पाचच वर्षं उरली होती."

"तुझ्या तोंडून कधी गोड शब्द निघायचा नाही!"

"या घरात गोड चालतं कुठे?"

सित्तनाने ऐकलं नाही. नवस आधीच फेडला तर देव शब्द फिरवणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं. दुसऱ्याच दिवशी माझी रवानगी कडुनिंबाखाली झाली. इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून फळीवर गेलं. पण आमच्या उन्हाळ्यात फडकं किती वेळ ओलं राहणार?

वाटसरू पाणी पीत, दुवा देत. मला मात्र त्या बरणीवाचून करमत नव्हतं. काही दिवसांनी भर दुपारी तमादुर आली. घटाघटा पाणी प्यायली, गेली आणि लगेच परत आली. मित्रांनो, तिची तहान भागेना, आणि पाणी देण्यापलीकडे मला काही करता येईना!

सावलीत बसलेला बाबिकर ताडकन उठला. "किती पितेस गं पोरी? इकडे बघ." अशी तहान त्याने आईची पाहिली होती. त्याने तिला उचललं, गाढवाच्या गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला. इन्सुलिन उन्हाने बिघडलं होतं. पोर थोडक्यात वाचली.

ती घरी आली त्या दिवशी बाबिकरने मला खांद्यावर घेतलं. सित्तना रडत म्हणाली, "देवाला दिलेलं परत कसं आणायचं, दादा?"

"देव थांबेल गं. पोरीची सुई थांबत नाही."

"म्हणजे रेडिओवरचं ते औषध येणारच नाही?"

त्याने मला घरात जुन्या जागी टेकवलं. मग म्हणाला, "येऊ दे की. आलं तर याला मीच कडुनिंबाखाली नेईन, नाचत नेईन. तोवर हा इथेच."

आता कडुनिंबाखाली बाबिकरने आणलेला दुसरा माठ आहे. 'सगळ्या थापा' असं तो अजूनही म्हणतो. पण बातम्या लागल्या, की रेडिओचा आवाज तोच वाढवतो.

मित्रांनो, आशा जरूर धरा, पण तिच्या भरवशावर मला कोरडा ठेवू नका. माझ्या काठाला चीर गेली आहे. मला जपून उचला, रोज भरा. बाबिकरला नाचताना पाहिल्याशिवाय मला फुटायचं नाही.