कलाबाईंचा हरीख

दिवाकरगुरुजींनी बत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ते घरात शिकवू लागले. घरात विद्यार्थी एकच, त्यांच्या पत्नी उत्तराबाई. त्या पहिल्या दिवसापासून नापास.

त्यामुळे मंगळवारी मखमलाबादहून भाजी घेऊन येणाऱ्या कलाबाईंनी मेथीच्या जुड्या ओट्यावर ठेवून विचारलं, तेव्हा गुरुजी खुर्चीतून अर्धे उठलेच.

"गुरुजी, नात झाली! माझ्या ज्ञानेशला अकरा वर्षांनी पोर झालं. एखादं नाव काढून द्या. त्याच्यात आनंद आला पाहिजेल, बास."

"आनंदाला संस्कृतात शब्दांची कमतरता नाही, कलाबाई. शनिवारी या."

गुरुजींनी तीन दिवस कोश उपसले. जेवायला हाक मारली तरी आतून "प्रमोदिनी की प्रमुदिता?" असंच ऐकू यायचं.

"अहो, मुलीचं नाव ठेवायचंय, परीक्षा नाही घ्यायची," उत्तराबाई म्हणाल्या. "आपल्या मुलाचं आल्हाद ठेवलंत, तर पोरांनी त्याचा आलू केला."

"त्यात शब्दाचा काय दोष?"

"शब्दाचा नाही, ठेवणाऱ्याचा."

शनिवारी कलाबाई आल्या. गुरुजींनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली.

"ह्लादिनी."

"हे नाव हाय का शिंक?"

आतून खळखळून हसल्याचा आवाज आला. गुरुजींनी तिकडे दुर्लक्ष केलं. "प्रमुदिता."

"लय लांब. हाक पुरी होईस्तोवर पोर विहिरीपाशी जायची."

"मुदिता."

"चांगलं हाय, पण आमच्या गल्लीत मुदी म्हंतील. मुदी म्हंजे भाताची."

एकवीस नावं होती, एकवीसच्या एकवीस आपटली. गुरुजींनी कागदाची घडी घातली. त्यांचे कान लाल झाले होते. "मग तुम्हीच सांगा. मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

कलाबाईंनी हातातली जुडी मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "काय सांगू गुरुजी. आमी दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसलो व्हतो. नर्स आली, म्हनली मुलगी हाय, मोठ्यांदी रडली पोर. लय हरीख झाला मला. हे बघा, आतासुदिक अंगावर काटा येतो." आणि त्यांनी खरंच बाही मागं सारून हात पुढं केला.

गुरुजी त्या हाताकडे बघत राहिले. उन्हानं रापलेल्या कातडीवर बारीक लव ताठ उभी होती.

"काय म्हणालात? हरीख?"

"हा. का, चुकलं?"

"नाही हो!" गुरुजी उभेच राहिले. "तुमचा हरीख म्हणजे आमचा हर्ष. आणि हर्ष आला 'हृष्' या धातूपासून. त्याचा मूळ अर्थ माहितीये? अंगावरचे केस उभे राहणं! काटा येणं! मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहून दिलं हे. पोरांनी पाठ केलं, मीही पाठ केलं. कुणाच्या हातावर मात्र कधी पाहिलं नव्हतं."

"म्हंजे तुमचा शब्द आमच्याकडं येऊन नीट बसला," कलाबाई शांतपणे म्हणाल्या. "मंग ठरलं. हरखी."

"हर्षिता म्हणूया का?"

"हरखी."

पुढच्या रविवारी मखमलाबादला बारसं झालं. गुरुजी नवा झब्बा घालून उत्तराबाईंसह गेले आणि मांडवात पोचताच त्यांना कळलं, की ज्ञानेशच्या बायकोनं, भाग्यश्रीनं, मोबाइलवर शोधून अन्वी हे नाव केव्हाच जन्मदाखल्यावर घातलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. कागदावर तर अन्वीच लागलं, असं ते कलाबाईंना म्हणालेही.

"असू द्या की कागदावर," त्या म्हणाल्या. "कागदाला कोन हाक मारतं?"

ज्ञानेशची बहीण प्रतिभा पाळण्यावर वाकली आणि तिनं बाळाच्या कानात दोन्ही नावं सांगितली. बायकांनी तिच्या पाठीत एकाऐवजी दोन नावांचे धपाटे घातले. त्या गोंधळानं बाळानं असं भोकाड पसरलं, की कलाबाई तिला उचलून मेथीच्या वाफ्यांकडे घेऊन गेल्या.

गुरुजी घुगऱ्यांचा द्रोण हातात घेऊन उत्तराबाईंबरोबर मागोमाग गेले. कलाबाई पाणी सोडलंय का ते बघायला वळल्या आणि जाता जाता पोर त्यांनी उत्तराबाईंच्या हातात दिली. गुरुजींनी इकडंतिकडं पाहिलं. उत्तराबाईंशिवाय ऐकायला कुणी नाही अशी खात्री करून, घसा खाकरून ते हळूच म्हणाले, "हरखे."

पोर रडायची थांबून त्यांच्याकडं टकामका बघायला लागली.

"मोठ्यानं म्हणा," उत्तराबाई म्हणाल्या. "व्याकरण काही अंगावर धावून येत नाही."

"हरखेऽ, अगं हरखे!" गुरुजी म्हणाले, आणि द्रोणातल्या निम्म्या घुगऱ्या मेथीत सांडल्या.