आधार दिलेला वाण

गव्हाच्या संशोधन केंद्रात एका खोलीत दोन टेबलं होती. एकावर नवरा बसे, दुसऱ्यावर बायको. केंद्रातले लोक त्यांना साहेब आणि बाई म्हणत. साहेबांचा गहू उंच, बाईंचा बुटका. यावरून लग्नाआधी वाद होता, तो लग्नानेही मिटला नाही. शेवटी घरी गव्हाचं नाव काढायचं नाही, असं दोघांनी ठरवून टाकलं. त्यामुळे घरी बऱ्यापैकी शांतता असे.

साहेबांच्या वाणाची ओंबी बघत राहावी अशी होती. लांबलचक, कुसळं ताठ, दाणा टपोरा. खोड तेवढं बारीक होतं, पण खोडाची गोष्ट निघाली की साहेबांना हटकून दुसरं काम आठवे. बाईंच्या वाणाची ओंबी जेमतेम बोटभर. पण एकेका रोपाला फुटवे भरमसाट, आणि खोड असं दणकट की वाऱ्याला दाद देत नसे. साहेब त्याला झाडू म्हणत. बाई साहेबांच्या वाणाला नवरदेव म्हणत.

यंदा झाडू आणि नवरदेव शेवटच्या चाचणीत शेजारीशेजारी उभे होते. त्यातला एकच पुढे शेतकऱ्यांच्या हाती जाणार होता. बाईंची नोकरी अजून बरीच बाकी होती. साहेब मात्र पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते, आणि नवरदेव नापास झाला तर एवढ्या वर्षांत एकही वाण नावावर नसलेला माणूस म्हणून घरी बसणार होते. हे ते कुणाला बोलले नव्हते. बाईंना ते न बोलताच कळलं होतं.

दाणे भरून गहू पिवळा पडू लागला आणि नेमका तपासणीच्या आदल्या संध्याकाळी वारा सुटला, पाठोपाठ पाऊसही आला. साहेब तापाने अंथरुणाला खिळलेले. बाई "चष्मा केंद्रावर राहिला" म्हणून गेल्या आणि चिखलाने भरलेल्या चपला घेऊन परतल्या. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. साहेबांच्या ते लक्षात आलं, पण तापात माणसाला काहीही दिसतं म्हणून ते गप्प राहिले.

सकाळी ताप उतरला तसे साहेब तडक शेतावर गेले. आजूबाजूच्या वाफ्यांतले सगळे उंच वाण भुईसपाट झाले होते. नवरदेव तेवढा उभा होता. साहेबांना आनंद मावेना. ते जवळ गेले, आणि त्यांना वाफ्याभोवती ठोकलेल्या खुंट्या दिसल्या. खुंट्यांवरून सुतळी फिरवलेली होती. गाठ त्यांच्या चांगलीच ओळखीची होती. घरातली प्रत्येक पिशवी त्याच गाठीने बांधलेली असे, आणि नख तुटल्याशिवाय ती सुटत नसे.

केंद्राचा नियम सरळ होता. आधार दिलेला वाण बाद, आणि आधार देणाऱ्याचा वाणही बाद.

आता तपासनीस बूट खराब होतात म्हणून बांधावरून खाली उतरत नसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुतळीचा रंग थेट गव्हाचा. बांधावरून ती दिसणं अवघड होतं. साहेबांना मोह झाला, चांगलाच झाला. मग त्यांची नजर शेजारी उभ्या असलेल्या झाडूवर गेली. त्यांनी गाठ सोडवून पाहिली. नख तुटलं. तेव्हा त्यांनी खिशातली छोटी कात्री काढून सुतळी कापली. भिजलेला नवरदेव क्षणभर जागच्या जागी राहिला आणि मग सावकाश आडवा झाला.

तपासनीस आले. बांधावरूनच त्यांनी एकापुढे "लोळला" लिहिलं, दुसऱ्यापुढे "उभा", आणि बूट न्याहाळत निघून गेले.

घरी आल्यावर साहेबांनी सुतळी टेबलावर ठेवली.

"नियम माहीत नव्हता का तुला?"

"तो नियम मीच लिहिलाय," बाई म्हणाल्या.

"मग?"

"तुम्हाला मी हरवायला हवं होतं. वाऱ्याने हरवायला नको होतं."

"अगं, वाऱ्यात उभं राहणं हाही गुणच आहे."

"दरवर्षी नव्या लोकांना मीच शिकवते ते." बाईंनी सुतळी जरा बाजूला सरकवली. "काल माझ्याच्याने बघवलं नाही."

साहेब कामाचं बोलले.

"पुढच्या हंगामात दोघांचा संकर कर. ओंबी माझी घे, खोड तुझं."

"आई कोण?"

"झाडू. लेबलावर आईचं नाव आधी लागतं."

बाईंनी बोटांवर वर्षं मोजली.

"वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षं जातील. तुम्ही नसाल तिथे."

"घरी असेन की."

"मी दरवर्षी ओंबी घरी आणत जाईन."

"घरी गव्हाचं नाव काढायचं नाही असं ठरलंय आपलं."

"नाव नाही काढणार. नुसती टेबलावर ठेवीन."

साहेब कापलेल्या सुतळीची गाठ सोडवत बसले. ती सुटली नाही.