पाण्याची ओटी

मसोलीहून निघताना नीलमने माझ्या सायकलच्या टोपलीत पाण्याची बाटली ठेवली आणि म्हणाली, "आई, आज सहल आहे. आजच्या दिवस बोललीस तर देव रागावेल का?"

मी हसून मान हलवली. चातुर्मासात माझं रोज दुपारी बारापर्यंत मौन असतं. सासूबाईंनी धरलेलं व्रत त्यांच्यानंतर मी चालवलं. घरी असताना ते सोपं होतं. आता घर नाही, म्हणजे आहे, मिरजेला कुलूपबंद. दिवाळीनंतर आम्ही तिघं व्हॅनला तीन सायकली बांधून निघालो ते अजून परतलो नाही. एका जागी दोन आठवडे, फार तर महिना, की पुढचं गाव. सध्या डहाणूजवळ मसोलीला भाड्याची खोली.

आमच्या ह्यांचे थोरले भाऊ निवृत्तीच्या तोंडावर गेले. टेबलावर निरोपाच्या समारंभाची पत्रिका तशीच राहिली. तेव्हापासून हे एका खुर्चीत नीट बसलेले मी पाहिले नाहीत. जेवतानासुद्धा उठून खिडकीशी जाऊन येतात. म्हणून जेव्हा म्हणाले, "चल, निघू या," तेव्हा मी पोथ्या पिशवीत भरल्या.

त्या दिवशी बेत असा होता की रानशेतच्या तळ्याशी न्याहारी, मग आडरस्त्याने तलासरीकडच्या धरणावर जेवण, आणि संध्याकाळी परत. पावसाने उघडीप दिली होती. दोन्ही बाजूंना भाताची लावणी चाललेली. नीलम पुढे, हे तिच्या मागे, मी सगळ्यात शेवटी.

रानशेतला तळ्याकाठी बसलो तेव्हा नीलमच्या चाकातली हवा कमी वाटली. पंप काढायला तिने ह्यांच्या कॅरियरवरची पिशवी उघडली. पंपाच्या आधी हातात आला नारळ. त्याखाली हिरवा खण, तांदळाची पुडी, हळदकुंकवाची डबी.

"बाबा, हे काय?"

"आईचं आहे."

"आई, तू आणलंस?"

मी मान हलवली. नाही.

नीलमला विचारायची गरज नव्हती तरी तिने विचारलं. "निघायचंय?"

"उद्या," हे म्हणाले आणि घाईघाईने थर्मासचं झाकण उघडू लागले. "वेवजीवरून गुजरातेत उतरायचं. सापुताऱ्याला मस्त हवा असेल आता."

ही ओटी आमच्या प्रवासातली. आमच्या घरी बाईमाणूस निघालं की ओटी भरतात. मी ते उलटं केलं. ज्या गावात राहिलो, तिथून निघताना तिथल्या पाण्याची ओटी भरायची. नदी असो, विहीर असो, तळं असो. तांदूळ माशांना, खण काठावरच्या एखाद्या बाईला, नारळ पाण्याला. ह्यांना आधी हसू यायचं. एका गावाहून घाईत ओटी न भरता निघालो आणि घाटात व्हॅनचं चाक निखळलं. देवळाच्या पायरीला न शिवणारा हा माणूस तेव्हापासून किल्ली फिरवायच्या आधी विचारतो, "ओटी झाली का? नक्की?"

आणि ओटी बाईनेच भरायची असते.

"सोमवारपासून माझं कॉलेज आहे," नीलम म्हणाली. डहाणूत अकरावीला तिचा प्रवेश झाला होता. घरमालकीण पुष्पाताईंच्या मुलीबरोबर जाऊन स्वतः सगळं करून आली होती. तेव्हा हे 'बघू' म्हणाले होते.

"ऑनलाइन होतं ना सगळं आता."

"बाबा, दहावी मी व्हॅनमध्ये केली. प्रयोग यूट्यूबवर बघितले. बाजूला बसून 'ए, पेन दे' म्हणणारं मला कुणीतरी पाहिजे."

"मी देतो पेन."

"विनोद नको करूस."

"बरं, आईला विचार. आई गप्प आहे म्हणजे तिला चालतंय."

"आई गप्प आहे कारण तिचं मौन आहे!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांचा डबा पुढे केला.

तिथून धरणापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. नामस्मरण चालू होतं, पण ओठांवर नाव आणि मनात नारळ. नाही म्हणावं, तर देवाच्या कामाचा मी आपल्या हट्टासाठी वापर केला असं होईल. पाण्याची ओटी अडवून धरायची, हे कुठल्या धर्मात बसतं? आणि हो म्हणावं, तर समोर नीलमची पाठ दिसत होती. पोर इतक्या जोरात पाय मारत होती, की जणू कुणी तिला पकडायला मागे लागलंय. चढावरसुद्धा उतरून चालली नाही. महामार्गाखालून पलीकडे गेल्यावर एकदा हे माझ्या जोडीने आले. म्हणाले, "तू तिला समजाव गं. तुझं ऐकते." मी घंटी वाजवली. काय अर्थ घेतला त्यांनी, कोण जाणे.

धरण तुडुंब होतं. बांधाशी प्लास्टिकचा कागद बांधून एक बाई कणसं भाजत बसली होती. हिरी तिचं नाव, पलीकडच्या पाड्यावरची. आमच्याकडे बघून ती ह्यांना म्हणाली, "सायकलवर? गाडी बंद पडली का?"

"गाडी आहे, घरी ठेवली."

"गाडी असून सायकल?" ती खळखळून हसली. "आमचा म्हातारा गाडीसाठी मरतो, तुम्ही घरी ठेवून येता!"

नीलमसुद्धा हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

ह्यांनी कणसं घेतली, आणि मग खण, नारळ, तांदूळ माझ्यासमोर दगडावर मांडले. अगदी नीट, हळदीशेजारी कुंकू. मोबाइल बघत म्हणाले, "बारा झाले. बोल आता. आणि उरकून घे, म्हणजे आभाळ यायच्या आत परतू."

नीलमने कणीस खाल्लं नाही, नुसतं हातात धरून पाण्याकडे बघत होती.

मौन सोडताना पहिला शब्द देवाचा असतो. मी हात जोडले, नाव घेतलं. दुसरा शब्द कोणता येणार हे मलाही ठाऊक नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"आज ओटी नाही. अहो, तिची बारावी होईपर्यंत नाही."

"दोन वर्षं? डहाणूत? सुनिता, मला दोन वर्षं एका जागी..." ते उठले, बांधापर्यंत गेले, परत आले. "तुला माहीत आहे माझं काय होतं."

"माहीत आहे. रात्री उठून तुम्ही व्हॅनमध्ये जाऊन बसता तेही माहीत आहे."

"मग?"

"मग तुम्ही जाऊन या. पुरुषमाणसाच्या जाण्यायेण्याला ओटी लागत नाही. सापुतारा बघा, पुढे कुठे जायचं तिथे जा. आम्ही दोघी मसोलीला असू. दार उघडं असेल."

माझा आवाज कधीच मोठा नसतो. तेव्हाही नव्हता. पण इतकी वर्षं मी ह्यांना 'जा' म्हटलं नव्हतं, 'जाऊन या' सुद्धा नाही. नीलमने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं, लहानपणी धरायची तसं.

हिरी सगळं ऐकत होती. तिने निखारे हलवले आणि ह्यांना म्हणाली, "दादा, एकला जाशील? भाकर कोण देईल?"

"हॉटेलं आहेत," हे म्हणाले. सायकलवर बसले. "मी जरा वेवजीचा रस्ता बघून येतो." आणि गेले. आम्हाला जायचं होतं त्याच्या उलट दिशेला.

मी सामान पिशवीत परत भरलं. पाण्याला मनातून सांगितलं, रागावू नकोस. उगाच दोनदा सांगितलं.

आम्ही दोघी परत निघालो. नीलम या वेळी हळू चालवत होती. "आई, बाबा येईल ना?"

"येतील."

"तुला कसं माहीत?"

मला माहीत नव्हतं. मी मागे वळून पाहणार नाही असं ठरवलं, आणि प्रत्येक वळणावर पाहिलं. महामार्ग आला. खालच्या अंधारात ट्रकचे आवाज घुमत होते. पलीकडे चिखलात थांबून आम्ही पाणी प्यायलो. नीलम उतरून चेन बघतेय असं दाखवत होती. चेनला काहीही झालं नव्हतं.

बऱ्याच वेळाने घंटी ऐकू आली. हे आले ते चिखलाने माखलेले, पाठीवर मागच्या चाकाने उडवलेली रेघ. थांबले नाहीत, आमच्यापुढे थोडं जाऊन पाय टेकले.

"पुढचा रस्ता खराब आहे," म्हणाले.

आभाळ भरून आलं होतं. त्यांनी हँडलवरचा चिखल अंगठ्याने पुसला, परत पुसला.

"नीलम, कॉलेज शनिवारी असतं का गं?"

"अर्धा दिवस."

"म्हणजे दुपारी सुटलीस की रविवार रात्रीपर्यंत मोकळी." ते बोटांवर काहीतरी मोजू लागले. "जव्हार होईल. तिकडे सूर्या धरण... नाही, ते पहिल्यांदा. सोमवारी सकाळी पहिला तास किती वाजता?"

"बाबा, आधी सोमवार तर येऊ दे."

"येऊ दे की. मी कुठे अडवलंय?" ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघालेसुद्धा.