रबरी नळीची बाटली

माझ्या सुनेला, झिलाला, लाज म्हणून नाही. गिरणीच्या फाटकापाशी, जिथं बापये पाइप ओढत उभे असतात तिथं बसून ही बया पोराला अंगावर पाजते! आणि पोराला तिथं नेलं कुणी, तर शेजारच्या डोरकस पिलिंगनं. जिचं तोंड मी कपड्याच्या दोरीच्या भांडणापासून पाहत नाही, त्या डोरकसनं. मी परसात चादरी पिळत होते, आत येऊन बघते तर पाळणा रिकामा. कोपऱ्यावरची म्हातारी म्हणाली, "तुमचा नातू डोरकसच्या शालीतून गिरणीकडे गेला हो, आईच्या अंगावर प्यायला." ओले हात तसेच, मी तोंडानं झिलाचा उद्धार करत चढण उतरले.

सगळी गल्ली मला ओळखते. दाराची पायरी दर शुक्रवारी गुडघ्यावर बसून घासायची आणि दगडानं तिला पांढरी कड काढायची, हा इथला रिवाज. पण माझ्या पायरीसारखी पायरी दुसरी नाही. झिला कापडगिरणीत चार माग सांभाळते. घरी बसली तर माग दुसरीला जातील, म्हणून नातवाला, जेथ्रोला, मी सांभाळते. औषधवाल्याकडची दुधाची बाटली आमच्या गल्लीत पहिल्यांदा मीच आणली. चपटी काच, तिला हातभर रबरी नळी, टोकाला बोंडी. पोर पाळण्यात पडल्या पडल्या चोखतं, बाई धुण्याला मोकळी. नळीतून पंपाचं पाणी सोडायचं, काच राखेनं घासायची. आरशासारखी चमकायची.

पण जेथ्रोचं पोट आठवडाभर वाहत होतं. डोळे खोल गेले होते, रडणंसुद्धा मांजराच्या पिलासारखं झालं होतं. ऑगस्टाच्या उकाड्यात आमच्याकडे असं होतंच, दर दोनचार घरांमागे एका खिडकीचा पडदा ओढलेला असतो. गेल्या ऑगस्टात आमचाही होता. झिलाची पहिली, हेस्टर, अशीच गेली. झिला परवा म्हणाली होती, "सासूबाई, नळीला वास येतो." मी म्हटलं, "वास तुझ्या नाकातच आहे, गिरणीच्या तेलाचा."

फाटकाशी बाया जेवणाच्या सुट्टीत बटाटा भरलेले पाव खात बसल्या होत्या. झिला दगडी कठड्यावर, छातीशी पोर. शेजारी डोरकस.

"ऊठ! दे ते पोर इकडे. चारचौघांत अंग उघडं टाकतेस? एनॉकनं पाहिलं तर काय म्हणेल?"

"तुमचा मुलगा मघाशीच पाहून गेला," झिला म्हणाली. "विचारत होता, नीट पितोय ना."

एक म्हातारा खो खो हसला. "ग्रिमशॉबाई, आम्हीही आधी हेच प्यायलो. बिअर नंतर लागली."

"तुला कुणी विचारलं रे थेरड्या? झिला, उठतेस की ओढू?"

ती उठली नाही. आवाजही चढवला नाही. "हे दूध मी रोज मागाआड उभी राहून फडक्यात पिळून टाकते, सासूबाई. हेस्टरच्या वेळीही टाकलं."

"हेस्टर दात यायच्या दुखण्यानं गेली. सगळ्यांना ठाऊक आहे."

"तिला दात आले कुठं होते, आई?"

ती मला आई कधी म्हणत नाही.

तिनं एका हातानं ॲप्रनच्या खिशातून नळी काढली, आमचीच, पोराबरोबर बाटलीवरून ओढून आणलेली. दुसऱ्या हातात पोर, म्हणून डोरकसनं झिलाच्या कमरेची सूत कापायची कात्री घेतली आणि नळी उभी चिरली. आतून हिरवट पांढरा थर निघाला, जुन्या मोरीत असतो तसा. झिलानं मागाच्या फणीतून धागा ओढायच्या आकड्यानं तो खरवडला तर दोऱ्यासारखा लोंबत बाहेर आला. वास आंबलेल्या दुधाचा नव्हता. भिंतीत उंदीर मरतो त्याचा होता. खाणाऱ्या बायांनी घास खाली ठेवले.

काच मी घासली, कारण काच दिसते.

डोरकस हसली असती तर मी तिला फाडून खाल्ली असती. ती हसली नाही. तिनं फक्त मान दुसरीकडे वळवली आणि धूर लागू नये म्हणून जेथ्रोच्या तोंडावर शाल ओढली. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

भोंगा वाजला. बाया अंग झटकत उठल्या. झिलानं पोराला अंगावरून सोडवलं, तसे माझे हात आपोआप पुढं झाले. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. मग डोरकसकडे. पोर तिनं डोरकसच्या शालीत ठेवलं आणि ओठ चावून खाली बघत राहिली, जणू गुन्हा तिनंच केला होता.

माझे हात तसेच हवेत. सगळं फाटक बघत होतं. मला वाटलं, निघून जावं, घरी जाऊन दार लावावं. पण मग ती आयुष्यभर अशीच खाली बघत राहिली असती.

"वर बघ, झिला," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चूक तुझी नाही. तुला निर्लज्ज म्हणत मी अख्खी चढण उतरले, त्यातला एकही शब्द तुला लागू नाही. तू केलंस तेच बरोबर. पोर डोरकसकडे राहू दे आणि रोज इथंच पाज. मी मागितलं तरी माझ्याकडे देऊ नकोस."