मास्तरांचा रिपोर्ट

लहान बाळाचं झबलं शिवायला आलं, की शिंपीमास्तरांची आई ते सुनेच्या हातातून काढून घ्यायची. "तू काजं कर. हे मी बघते." लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नाही, म्हणून सुनेचा हात बाळाच्या कापडाला लागायचा नाही, असा त्या दुकानाचा नियमच होता. सून बिचारी मुकाट्याने शर्टांच्या बटणांकडे वळायची.

मास्तर हे रोज बघायचे आणि तोंडात मिठाची गुळणी धरून मशीन चालवत राहायचे. खरं तर आठ महिन्यांपूर्वीच डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "तुमच्या पत्नीत काही दोष नाही. तुमच्या पेशींत जन्मापासून एक गुणसूत्र जास्त आहे, म्हणून मूल होत नाही. यात तुमचाही अपराध नाही." मास्तरांनी हे सांगितलं ते फक्त आईला. आई म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईच्या जातीला बोलणी खायची सवय असते."

डॉक्टर खरं तेच बोलले होते. अपराध घडला तो त्यानंतर.

त्या सोमवारी सकाळी आईने सुनेची पेटी दुकानात आणून ठेवली. "तुझा भाऊ येतोय न्यायला. याच्यासाठी मी दुसरी मुलगी बघितली आहे."

सून रडली नाही. नवऱ्याला एवढंच म्हणाली, "अहो, जेवायच्या वेळेला जेवत जा." मास्तरांचं मशीन थांबलं.

"आई, कुणालाही आणलंस तरी मूल होणार नाही. दोष माझ्यात आहे, आणि ते तुला ठाऊक आहे."

"अरे, हळू बोल! गिऱ्हाईक ऐकतंय."

"ऐकू दे!" मास्तर ओरडले. एकदाचं ओझं उतरलं, असं त्यांना वाटलं.

"तुम्हाला कधी कळलं?" बायकोने विचारलं.

"आठ महिने झाले."

तिने बोटांवर महिने मोजले. "म्हणजे माझ्या बहिणीला मुलगी झाली त्याच्या आधी. ती म्हणत होती, ताई, घे ना हिला मांडीवर. मी दारातूनच परत आले. म्हटलं, माझा हात नको लागायला." तिला हुंदका आवरेना. "अकराच दिवस जगली हो ती. एकदा तरी घेतलं असतं मी तिला."

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, भावाची वाट न बघता पेटी उचलली आणि पायरी उतरली.

"थांब ना," मास्तर म्हणाले.

"कशासाठी थांबू?"

मास्तरांना सांगता येईना. वाचकहो, तुम्हाला सांगता येईल?